वाढणं

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. आई मिरजेहून आली. पिशवीतून तिने आधी गूळपोळ्यांचा डबा काढला, माझ्याकडे पाहिलं, डबा पुन्हा आत ठेवला आणि तळातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. चांदीचं बोंडलं. माझ्याच वयाचं, म्हणजे ४६ वर्षांचं. चोचीला पोचा आलेला, आतून जरा काळवंडलेलं.

"थोडं थोडं प्यायचं म्हणतात ना तुझे डॉक्टर? मग यातून पी. यातूनच मोठी झालीस."

मोठी झालीस, हे ती अगदी सहज म्हणाली. मला हसू फुटलं आणि हसता हसता पोटावरची पाच भोकं एकदम आठवली.

हॉस्पिटलने मला औषधाचं एक प्लास्टिकचं टोपण दिलं होतं, ३० मिलीचं. बोंडल्यात अशी दोन टोपणं मावत होती. दिवसभरात दीड लिटर द्रव पोटात जायला हवं, पण एका वेळी एकच टोपण आणि तेही घुटक्याघुटक्याने, असा हुकूम होता. दीड लिटर म्हणजे ५० टोपणं. पंधरा मिनिटांना एक धरलं तर साडेबारा तास. सकाळी सातला बसायचं, संध्याकाळी साडेसातला उठायचं. तोवर मी पाण्याला काम म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. तांब्या उचलावा, घटाघटा प्यावं, तोंड पुसावं, संपलं. आता मात्र संध्येला बसलेल्या माणसाच्या आचमनासारखं चाललं होतं, फक्त संध्या संपत नव्हती.

मराठीत 'वाढणं' हे क्रियापद मोठं लबाड आहे. ताटात भात वाढतात आणि अंगावर मांसही वाढतं. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. कमी होण्याचा, सरण्याचा शब्द आपल्याला उच्चारवत नाही. माझं वजन ११८ किलो होतं तेव्हाही घरात कुणी 'जाड' म्हणायचं नाही. "अंगाने वाढलीय जरा," एवढंच. माझ्या आईने मला वाढलं म्हणून मी वाढले, असं म्हटलं तर आईवर अन्याय होईल. कारण लग्नानंतरची बावीस वर्षं वाढणारी मीच होते. आजीची म्हण होती, खाऊन माजावं, टाकून माजू नये. ती मी फार मनावर घेतली. लेकीच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेली दोन चमचे उसळ, 'एवढ्याशासाठी डबा कशाला' म्हणून संपवलेला भात. रोज रात्री ओटा आवरताना माझं दुसरं जेवण व्हायचं, उभ्याने. ते मी जेवणात कधी धरलंच नाही.

ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला: तोंड आवर. हा सल्ला फुकट असतो म्हणून लोक सढळ हाताने देतात. मी तोंड आवरून पाहिलं होतं, एकदा नाही, सहा वेळा. दर वेळी दहा-बारा किलो उतरले आणि व्याजासकट परत आले. सर्जनने सांगितलं ते ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. उपाशी राहून वजन उतरवलं की जठरातून सुटणारं घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक उलट वाढतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि ते दुप्पट जोराने अन्न मागू लागतं. हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं आणि माझ्या ऑपरेशनमध्ये तो घुमटच निघणार होता.

त्यांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. पखालीसारखं जठर, त्यावर एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडचा पाऊणहून जास्त भाग कापून बाहेर, उरेल ते केळ्यासारखं नळकांडं. याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा प्रकार बायपास: जठराची अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. ज्यांना आम्लपित्त घशाशी येण्याचा जुना त्रास आहे त्यांना बहुधा बायपास सुचवतात, कारण स्लीव्हनंतर तो त्रास वाढू शकतो. म्हणूनच आधी दुर्बीण घालून जठर आतून पाहतात.

या दोन्हींचा इतिहास मला गमतीचा वाटला. बायपासचं मूळ १९६६ सालचं, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातलं. एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनच्या डोक्यातली ही कल्पना. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसं बारीक होतात आणि बारीकच राहतात, हे सर्जन लोकांनी पाहिलं होतं. स्लीव्ह तर मुळात अर्धं ऑपरेशन. फार वजनदार रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपणार नाही म्हणून आधी एवढंच करायचे, उरलेलं पुढे कधीतरी. मग दिसलं की कित्येकांना उरलेलं लागतच नाही. माझ्या शिवणकामाचीही हीच पद्धत आहे, पण माझं उरलेलं नेहमी लागतं.

चित्र काढून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"आणि वाढतं कोण?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तीच."

"मग ऑपरेशन खाणाऱ्या बाईचं होणार. वाढणारीचं आमच्याकडे होत नाही," असं म्हणून ते पुढच्या कागदाकडे वळले. तेव्हा मला हा विनोद वाटला होता.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही. कंपनीचं पहिलं पत्र आलं, वजनाचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत. बसतात. नियामकाने ठरवून दिलेल्या कलमातच लिहिलंय: वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ आणि सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार, आणि साधे उपाय करून थकलात याचा पुरावा. माझी उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय ४८ च्या घरात, नऊ वर्षांचा मधुमेह, रात्री झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. पण साधे उपाय केल्याचा कागद? आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या मी रद्दीत घातल्या होत्या. तुमच्या असतील तर जपून ठेवा. मला त्या पुन्हा गोळा करायला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत एक भलतंच सुरू झालं. बातमी पसरली तशी नातलगांनी मला केळवणं करायला सुरुवात केली. दुसरा शब्दच नाही. "आता पुढे तुला काही खाता यायचं नाही," म्हणून वन्संनी पुरणपोळीचा घाट घातला. मावशीकडे वडा-कोंबडी झाली. ऑफिसातल्या बायकांनी उकडीचे मोदक आणले. मी मुंडावळ्या तेवढ्या बांधल्या नाहीत. वजन आणखी तीन किलो वाढलं आणि आहारतज्ज्ञ बाई वजनकाट्यावरचा आकडा बघून इतक्या शांतपणे बोलल्या, की त्या ओरडल्या असत्या तर बरं असं वाटलं.

मग आले ऑपरेशनआधीचे दोन आठवडे. भात, पोळी, साखर बंद. प्रोटीनची पावडर, ताक, सूप, काकडी, एवढ्यावर भागवायचं. हे पथ्य वजन उतरवण्यासाठी असतं असा माझा समज होता. ते यकृतासाठी असतं. आमच्यासारख्यांचं यकृत चरबीने सुजलेलं असतं आणि त्याची डावी पाळी नेमकी जठरावर पसरलेली असते. सर्जनला दुर्बिणीतून काम करायचं तर ती पाळी उचलून धरावी लागते. ती जड आणि ठिसूळ असेल तर रक्तस्रावाची भीती. दोन आठवडे पिष्ट आणि साखर तोडली की यकृत आपली साठवण वापरून आकसतं. हे कळल्यावर पथ्य पाळणं सोपं गेलं. नुसतं 'खाऊ नका' म्हटलं की माझ्यातली हट्टी मुलगी जागी होते. 'सर्जनचा हात फिरायला जागा करा' म्हटल्यावर यजमानीण जागी झाली. पाहुण्याला जागा करून देणं मला जमतं.

तयारीत ज्याचा मला खरा उपयोग झाला ते सगळं फुकटचं होतं. जेवताना पाणी न पिण्याची सवय महिनाभर आधी लावली. जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं. घास वीस-पंचवीस वेळा चावायची तालीम केली; पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तू रवंथ करतेयस." रोज अर्धा तास चालले. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र आधीच आणून फुंकत बसले, तेव्हा समजलं की ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री लावायचं श्वासाचं मशीन हॉस्पिटलच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. जी तयारी करायला हवी होती आणि केली नाही ती घराची. त्याचे पैसे पुढे भरले.

ऑपरेशनचं मला काय आठवणार? शुद्धीवर आल्यावर पोट कमी आणि उजवा खांदा जास्त ठणकत होता. मला वाटलं, टेबलावर वेडंवाकडं झोपवलं असेल. सिस्टर म्हणाल्या, "गॅस आहे तो, ताई." दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा उरतो, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली साचतो, आणि पडद्याची नस खांद्यापाशी तक्रार नोंदवते. चालल्यावर तो जिरतो. त्याच संध्याकाळी त्यांनी मला उठवून उभं केलं. सलाईनचा स्टँड धरून मी वॉर्डात अशी फिरत होते जशी कार्तिकीला दिंडीत म्हाताऱ्या बायका फिरतात, हळू, पण थांबायचं नाही. चालणं गॅससाठी होतंच, त्याहून जास्त पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. घट्ट मोजेही त्यासाठीच. ते काढून टाकायचा मोह फार होतो. काढू नका.

घरी आल्यावर पहिला आठवडा पाण्यासारखं पातळ: शहाळ्याचं पाणी, ताकाची निवळ, गाळलेलं वरणाचं पाणी. दुसऱ्या आठवड्यात मुगाचं कढण, पातळ ताक, दुधात कालवलेली प्रोटीनची पावडर, जिला भिजलेल्या खडूचा वास येतो. तिसऱ्यापासून मिक्सरमधून काढलेलं, पाचव्यापासून मऊ. हा माझ्या डॉक्टरांचा तक्ता. तुमच्या डॉक्टरांचा थोडा वेगळा असेल, तोच पाळायचा.

या दिवसांत भूक लागत नाही. हे खरं आहे आणि फार चमत्कारिक आहे. दहाव्या दिवशी दुपारी शेजारच्या घरून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मी बाल्कनीत उभी राहून रडले. पोटात काहीच मागणं नव्हतं. मग रडत होतं कोण? आपल्याकडे भूक वेगळी, खा-खा वेगळी, वखवख वेगळी, नि नुसतं तोंड चाळवणं आणखी वेगळं. एवढे शब्द आहेत म्हणजे जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यातली फक्त भूक काढली होती. बाकीच्या तिघी जणी घरात तशाच होत्या, रिकाम्या हातांनी बसलेल्या. हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आधीच सांगितलं होतं की असे दिवस येतील. मी मान डोलावून घरी आले होते. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा सात-आठ दिवस जागचा हलला नाही, तेव्हा पुन्हा त्यांच्याकडेच गेले. तो काटा बहुतेकांचा अडतो आणि आपोआप सुटतो.

आणि मग ते झालं. पाचवा आठवडा, मऊ भाताचा पहिला दिवस. आईने मेतकूट-भात तूप घालून कालवला, अगदी लोण्यासारखा. तिच्या मनात हे माझं दुसरं उष्टावण होतं. तक्त्यात लिहिलं होतं, तीन-चार छोटे चमचे, वीस मिनिटांत. मी चार खाल्ले. आई म्हणाली, "एक घास माझ्या हातचा." घेतला. "आणि एक, वाटीत ठेवू नये." तोही घेतला. दोन मिनिटांत छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेसासारखी लाळ यायला लागली, बसवेना, उभं राहवेना. बेसिनपाशी गेले आणि ते दोन घास परत आले. आई दाराशी उभी होती, हातात ती वाटी. तिच्या आयुष्यात तिच्या हातचा घास कधी असा परत आला नव्हता.

त्या रात्री नवऱ्याने घराची तयारी केली, जी आधी करायची होती. डॉक्टरांचं चित्र आईपुढे ठेवलं आणि सांगितलं, "आई, हिच्या पोटात आता एवढीच जागा आहे. सहावा घास म्हणजे टाके ताणणं." ती काही बोलली नाही. सकाळी माझ्यापुढे देवाच्या नैवेद्याची वाटी आली. तीत चमच्याने मोजून भात, आणि वाढून झाल्यावर ती चक्क स्वयंपाकघरात निघून गेली, आग्रह करायचा मोह होऊ नये म्हणून.

घास अडकला तर घाबरायचं नाही, पण काही गोष्टींना घाबरायचं असतं आणि त्या मी फ्रिजवर लिहून लावल्या होत्या. नाडी १२० च्या वर राहणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, पोटरी सुजणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. शिवणीतून गळती लागली तर बऱ्याचदा आधी नाडीच पळते. उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर ब-१ जीवनसत्त्व संपतं आणि चालताना झोक जातो, मेंदूपर्यंत इजा पोचते. तेव्हा 'पित्त झालं असेल' म्हणून लिंबू-सरबत करत बसू नये. मधुमेहाच्या गोळ्या जुन्या हिशेबाने घेऊ नयेत. माझं इन्शुलिन घरी सोडतानाच निम्म्यावर आणलं होतं आणि दोन महिन्यांत बंद झालं. गुडघ्यासाठी मी वर्षानुवर्षं खात असलेली वेदनाशामक गोळीही डॉक्टरांनी कायमची बंद केली.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. कंगव्यात नाही, मुठीत यायचे. शरीराने ऑपरेशन आणि उपासाचा धसका घेतला की केस एकदम विश्रांतीला जातात. वर्षाच्या आत परत येतात, पण प्रोटीन आणि लोह पुरेसं असेल तर. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन, आणि मी अंड्यापलीकडे सामिष क्वचितच खाते. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. अर्ध्या वाटीचं पोट आणि हा हिशेब. तेव्हा ताटाचा क्रमच उलटावा लागला. आधी डाळ, पनीर, अंडं; मग भाजी; जागा उरली तर दोन घास भाकरी, तीही आमटीत मऊ करून. ताजी पोळी अडकते. वरण-भातातला भात आता वरणाला तोंडी लावणं झालाय. गोळ्या जन्मभराच्या: ब-१२, ड, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. ही गोष्ट मी सहा महिने चुकीची करत होते आणि रक्ततपासणीने पकडली.

आता श्रीखंडाबद्दल. लोकांना वाटतं, पोट लहान झालं की माणूस सुटला. पोळी अडकते, कडक भाकरी अडकते, मटण अडकतं. श्रीखंड अडकत नाही. आइस्क्रीम, पेढा, बासुंदी ही सगळी मंडळी त्या नळकांड्यातून हसत हसत खाली उतरतात. सर्जनने शिवलेली वाट श्रीखंडाला ओळखत नाही. दुसऱ्या वर्षी मी ८१ किलोवर आले होते, तिथून ८५ झाले, आणि सगळे चार किलो उभ्याने खाल्लेले होते. ओटा आवरताना. वाढणारीचं ऑपरेशन खरंच झालेलं नव्हतं. तेव्हा एक नियम केला आणि अजून पाळते: उरलेलं मी आवरत नाही. नवरा आवरतो किंवा लेक. अन्न कधी टाकलं जातं, तेव्हा आजी आठवते. आठवू दे.

अडीच वर्षं झाली. ८३ किलो आहे, मधुमेहाची एक गोळी आहे, श्वासाचं मशीन माळ्यावर आहे. दंडांची आणि पोटाची कातडी लोंबते, ती व्यायामाने जात नाही. लग्नाच्या पंगतीत मी लेकीशेजारी बसते आणि जिलबीवाला आला की ती ताटावर हात आडवा धरते. एसटीत दोघांच्या बाकावर आता शेजारी माणूस बसतो, आणि मला दर वेळी त्याचं थोडं नवल वाटतं.

बोंडलं आईने परत नेलंय. भाच्याला मुलगी झाली आहे, पुढच्या महिन्यात तिचं उष्टावण. वहिनीला मी आत्ताच फोन करून सांगितलंय: खीर दोन चमचे खाईन, पण वरणानंतर, आणि वाढायला मला लावू नका.